आधी उजेडात धरा, मग कात्री घ्या

जुन्या साडीचा पहिला कुर्ता मी शिवला तो चतुर्थीसाठी. आईची फिकट हिरवी सुती साडी होती. काठ अजून टवटवीत होता आणि मला वाटलं, एवढी सुंदर साडी पेटीत पडून काय करणार! दोन रात्री जागून कुर्ता केला, घालून आरतीला उभी राहिले, मंत्रपुष्पांजली झाली, नमस्काराला वाकले आणि पाठीवर चर्र असा आवाज झाला. माजघरात जाऊन बघितलं तर शिवण जशीच्या तशी होती. उसवलं काहीच नव्हतं, कापडच मधोमध फाटलं होतं.

आजी तेव्हा होती. तिने कुर्ता हातात घेतला, दारात गेली, उजेडाकडे धरला आणि एवढंच म्हणाली, "आधी उजवाडात धरूक होया गो. खय इरलला हा ता बघ, मगे कातर घे."

साडी कमरेभोवती जिथे बसते, बसण्याउठण्यात जिथे वीस वर्षं घासली जाते, नेमका तोच भाग मी पाठीला लावला होता. जुनं कापड सगळीकडून सारखं जुनं होत नाही. कुठे ते अगदी संपलेलं असतं, तर चार बोटांवर नव्यासारखं असतं. हे ओळखता आलं की या कामाचा अर्धा भाग झाला. शिवणकाम त्यानंतरचं, आणि ते खरं तर सोपं आहे.

मुहूर्त

जुन्या कपड्यांतून नवं काही शिवायचं हे काम पावसात सुरू करू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत रोजचे कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधून वाळवावे लागतात, तिथे पेटीतल्या साड्या कुठे धुणार? दसऱ्यानंतर जे कडक ऊन पडतं ते या कामाचं ऊन. पेटी उघडा, सगळं बाहेर काढा आणि अंगणात पसरून टाका. आमच्याकडे अंगणाला खळं म्हणतात. खळ्यात ताडपत्री टाकून त्यावर कपडे पसरले की काय आहे, काय नाही ते एका नजरेत दिसतं. रेशमी आणि गडद रंगाच्या कपड्यांना मात्र थेट ऊन नको, पडवीतली सावली आणि वारा पुरतो.

कुबट वास बहुतेक सगळ्यांनाच असणार, त्याने खचून जाऊ नका. पांढुरकी भुरभुरीत बुरशी असेल तर आधी कोरड्या ब्रशने झटका, तेही घराबाहेर. ओली केली की ती धाग्यात आणखी मुरते. मग बादलीभर पाण्यात वाटीभर पांढरा व्हिनेगर घालून तासभर भिजवा, नेहमीसारखं धुवा, वाळवा. काळे ठिपके धाग्यात उतरलेले असतील तर ते सहसा जात नाहीत. त्यांचा बंदोबस्त पुढे सांगते. कसर लागलेला कपडा लगेच बाजूला काढा, नाहीतर बाकीच्यांतही भोकं पडतील.

कापड कसलं आहे

धुऊन वाळले की ढीग करायचे, पण साड्यांचा वेगळा, शर्टांचा वेगळा असे नाहीत. ढीग कापडाच्या जातीचे करायचे. हात लावून कळत नसेल तर शिवणीच्या आतून चार धागे काढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि मेणबत्तीवर पेटवून बघा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख पडते. रेशीम आणि लोकर यांना जळालेल्या केसांसारखी घाण येते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी उरतो. राखही पडली आणि मणीही झाला तर ते मिश्रण, म्हणजे दुकानदार ज्याला टेरिकॉट म्हणायचे ते.

हे का बघायचं? कारण इथली हवा. किनाऱ्यावर अंगाला सतत घाम असतो, त्यामुळे अंगावर घालायचं ते सुतीच करावं असं माझं ठाम मत आहे. पॉलिस्टर साडीचा सुंदर गाऊन शिवून मे महिन्यात तो कणकवली स्टेशनवर घालून उभं राहणाऱ्या माणसाला मी अडवणार नाही, पण मदतही करणार नाही. पॉलिस्टरचे उपयोग वेगळे आहेत. ते पाणी शोषत नाही, म्हणून त्याचं पायपुसणं हा शुद्ध वेडेपणा. मासळीबाजारात न्यायच्या पिशवीला मात्र त्याच्यासारखं कापड नाही. आल्यावर साबणाच्या पाण्यातून काढली की अर्ध्या तासात कोरडी, आणि सुती पिशवीसारखा बांगड्याचा वास धरून बसत नाही. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून आमच्या घरात अशा सहा पिशव्या फिरतात.

ता. क.: वाफ्यांभोवती गुरं येऊ नयेत म्हणून जुन्या साड्या बांधायची पद्धत गावोगाव आहे. सिंथेटिक साडी तशी बांधली की दोनेक वर्षांत उन्हाने तिचे तुकडे होतात आणि ते दोरे मातीत जातात, ते काही कुजत नाहीत. बांधायचीच असेल तर सुती बांधा.

उजेडात बघणं

आता आजीची पायरी. दारात किंवा खिडकीत उभं राहून कापड दोन्ही हातांनी उजेडाकडे धरा आणि हात हात सरकवत पूर्ण बघा. विणीतून उजेड जास्त येतो तिथे कापड विरलंय. तिथे साबणाच्या पातळ वडीने गोल करा. शिंप्याचा खडू आणायची गरज नाही, आंघोळीच्या साबणाची झिजलेली वडी उत्तम चालते आणि धुतली की जाते. मग शंका असेल तिथे दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड आडवं आणि उभं हलकेच ताणा. बारीक 'टर्र' ऐकू आलं तर तो भाग गेला असं समजा. नंतर अंगावर फाटण्यापेक्षा हातात फाटलेलं बरं.

सहावारी साडीत कमरेभोवतीचा भाग विरतो, खालचा काठ फॉल असूनही घासतो आणि खांद्याजवळ पिनांची भोकं असतात. निऱ्यांचा मधला भाग मात्र नुसता लोंबत असतो, तो सगळ्यात धडधाकट. वरचा काठही चांगला असतो, कारण तो आयुष्यभर परकरात खोचलेला राहिला. शर्टाची कॉलर घडीवर आणि बाही कफाच्या कडेला जाते, काखेत घामाने कापड कडक होतं, काखेखालचा सगळा घेर मात्र सहसा शाबूत असतो. जीन्स गुडघ्यात आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला जाते, पोटरीमागचं कापड वर्षानुवर्षं तसंच. चादर बरोब्बर मधोमध जाते. रेशमी साडी तर घडीवरच तुटते, म्हणून वर्षातून एकदा तरी घडी बदलावी.

हत्यारं

फार काही लागत नाही. कापडासाठी वेगळी कात्री हवी, तिने कागद कापू नये आणि दुधाची पिशवी तर नाहीच. टेप, टाचण्या, सुया आणि टाके उसवायची ती छोटी दुतोंडी सुई, बाजारात उसवणी किंवा ओपनर म्हणून मिळते. मशीन असेल तर बारीक सुती कापडाला ११ नंबरची सुई, नेहमीच्या कापडाला १४, जीन्सला १६. बरेच जण एकच सुई वर्षभर सगळ्याला वापरतात आणि मग मशीन टाके गाळतं म्हणून मेकॅनिकला बोलावतात.

समुद्राची खारी हवा हा आपला खास शत्रू आहे. एकदा टाचण्या लावलेला ब्लाउज 'उद्या करू' म्हणून ठेवला, उद्याचा महिना झाला, तोही श्रावण. प्रत्येक टाचणीच्या जागी तांबडा ठिपका. गंजाच्या डागावर लिंबू पिळून मीठ चोळून उन्हात ठेवलं की पांढऱ्या सुती कापडावरून तो बऱ्यापैकी जातो. रंगीत कापडावर हा प्रयोग आधी कोपऱ्यात करून बघा. सुया-टाचण्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, मशीनला तेल आणि वर कापडी झाकण असू द्या.

पहिलं काम: झोपाळ्यावरची उशी

सुरुवात अंगावर घालायच्या कपड्यापासून करू नये. मापात चूक झाली की मन मोडतं. जुन्या शर्टाचा चौकोनी अभ्रा करा. बटणं आणि काजी आयती मिळतात, आणि नवशिक्याचा दम निघतो तो नेमका काजी करतानाच.

शर्ट उलटा करा, सगळी बटणं लावा, सपाट जमिनीवर पसरा. काखेच्या रेषेखाली, बटणपट्टी बरोबर मधोमध येईल असा १७ इंचांचा चौकोन साबणाने आखा. पुढचं आणि मागचं कापड एकत्र टाचून कापा. कापण्यापूर्वी बघा, चौकोनाच्या वरच्या-खालच्या रेषेवर एखादं बटण तर येत नाही ना? येत असेल तर चौकोन इंचभर सरकवा, नाहीतर मशीनची सुई तुटून डोळ्याकडे उडते. मग चारही बाजूंनी अर्धा इंच सोडून टीप मारा, मशीन नसेल तर हाताने उलटी टीप घाला. कोपऱ्यातलं जादा कापड तिरकं छाटा, बटणं सोडा आणि आतली बाजू बाहेर काढा. १६ इंचांच्या उशीला अभ्रा तयार. एक तासाचं काम. कापलेल्या कडा आतून आडव्या-तिडव्या टाक्याने बांधून घ्या, नाहीतर चौथ्या धुण्याला दोरे सुटतील.

दुसरं: दंड घालणे

हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. पूर्वी लुगडं किंवा धोतर विरलं की त्याला दंड घालायचे. म्हणजे विरलेला पट्टा काढून टाकायचा आणि धडधाकट तुकडे जोडून घ्यायचे. माझे आजोबा मुंबईत कापडगिरणीत होते. सुट्टीवर येताना मांजरपाट, पंचे, चादरी आणायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो लांबत गेला, आजोबा गावी आले ते परत गेलेच नाहीत, आणि त्याबरोबर मुंबईहून येणारं कापडही थांबलं. होतं तेच पुरवायचं होतं. आजीने त्या चादरींना इतक्यांदा दंड घातले की शेवटी त्यांत मूळ कुठलं आणि जोड कुठला, ते तिलाच सांगता येत नसे.

चादरीवर हे शिका, चूक झाली तरी कुणाला दिसत नाही. चादर लांबीत दुमडून मधली रेषा काढा. तिथे कात्रीने दोन इंच चीर द्या आणि दोन्ही हातांनी सरळ टरकवा, सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं. आता विरलेला मध्य दोन्ही तुकड्यांच्या कडेला आला. तुकड्यांची अदलाबदल करा: ज्या मूळ किनारी बाहेर होत्या त्या एकमेकींना जोडा, म्हणजे अंगाखाली येणारं कापड पुन्हा घट्ट झालं. जोडताना टोचणारी जाड शिवण नको, म्हणून किनारी एकमेकींवर पाव इंच चढवून दोन समांतर टिपा मारा. बाहेर गेलेला विरलेला भाग जितका वाईट तितका कापून टाका आणि कडा दुमडून शिवा. चादर पाच-सहा इंच अरुंद होते, पण गादीखाली खोचायला थोडी कमी पडण्यापलीकडे काही बिघडत नाही.

साडीला दंड घालायचा तो आडवा. खराब हातभर पट्टा काढायचा आणि दोन टोकं जोडायची. इथे कडा दिसता कामा नयेत, म्हणून दोनदा शिवायचं: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून कडेलगत एक टीप, मग कापड उलटवून त्या कडा आत कोंडून दुसरी टीप. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, त्यातून हातभर गेलं तर कळतही नाही. सहावारी साडेपाच मीटरची, तिथे जपून. जोड निऱ्यांत कुठेतरी लपेल असा हिशेब आधी साडी नेसून करा. गुंडाळलेली साडी डोळ्यापुढे आणून हिशेब करायला गेलं की हमखास चुकतं.

तिसरं: साडीचा कुर्ता, या वेळी न फाटणारा

साडीचा पन्हा ४४-४५ इंच असतो. काठ कुर्त्याच्या खालच्या घेराला हवा असेल तर कुर्त्याची उंची या पन्ह्यात बसवावी लागते, म्हणजे शिवणीसकट ४२ इंचांपर्यंतचा कुर्ता होतो. पुढचा भाग, पाठ आणि बाह्या साडीच्या लांबीत शेजारी शेजारी येतात, त्याला दोन ते अडीच मीटर सलग चांगलं कापड पुरतं. निऱ्यांचा भाग घ्या.

आणि आता ती युक्ती, जी मला कुर्ता फाटल्यावर सुचली: साडी उलटी धरा. खालचा, फॉलचा काठ झिजलेला असतो. वरचा काठ कोरा असतो. तो कुर्त्याच्या घेराला येऊ द्या. बुट्टे दोन्हीकडून सारखे दिसणारे असतील तर कुणाला कळत नाही. मोर किंवा कुयरी असेल तर मोर डोक्यावर उभे राहतील, तेवढं बघा.

माप घ्यायला टेप लावून अंग मोजत बसू नका. तुम्हाला नीट बसणारा एखादा जुना कुर्ता घ्या, मध्ये उभा दुमडा, दुमडलेल्या साडीवर ठेवा आणि साबणाने भोवती आखा. बाजूंना एक इंच, खांद्याला अर्धा इंच, गळ्याला काहीच नको. गळा आधी लहानच कापावा. लहान गळा मोठा करता येतो. मोठा झालेला लहान करणाऱ्या बाईला मी अजून भेटलेले नाही.

कापण्याआधी तुकडा पुन्हा एकदा उजेडात धरा. पाठीचा वरचा भाग, बगला आणि बसायची जागा, हे ताणाचे तीन भाग विरलेल्या कापडावर येता कामा नयेत. अगदी इलाज नसेल तर तिथे अस्तर लावा. अस्तराला आजोबांचं जुनं मलमलचं धोतर मिळालं तर सोनंच. नव्या कापडाचं अस्तर लावणार असाल तर ते आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि जुनी साडी वर फुगून राहते. आधी हाताने कच्ची टीप घाला, अंगावर घालून बघा, हात वर करा, वाका. होय, नमस्काराला वाकतो तशाच वाका. मग पक्की टीप.

पदर उरतोच. त्याची ओढणी होते, किंवा लहान मुलीचा परकर. पिनांची भोकं पडलेला भाग कमरेच्या नाडीच्या पट्टीत दुमडून टाकता येतो.

न जाणारे डाग

आपल्याकडे कपडे जुने होण्याआधी डागाळतात. काजूच्या बोंडाचा डाग, केळीच्या रसाचा डाग, हे धोब्यापुढे नेऊन उपयोग नसतो. लहान डागावर दुसऱ्या कापडाचा तुकडा शिवा, मुद्दाम वेगळ्या रंगाचा. लपवायला गेलेलं ठिगळ केविलवाणं दिसतं, उघड लावलेलं नक्षीसारखं दिसतं.

डाग मोठे किंवा बुरशीचे ठिपके सगळीकडे असतील तर कपडा रंगवा. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार), दोन्ही काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. एका सुती शर्टाला, म्हणजे साधारण २०० ग्रॅम कापडाला, ४० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात घालून गाळून घ्या आणि ओला शर्ट त्यात रात्रभर भिजवा. सकाळी पिळा, न खळबळता सावलीत वाळवा, पिवळसर होईल. मग दुसऱ्या बादलीत एक लहान चमचा हिराकस पूर्ण विरघळवून शर्ट त्यात बुडवा आणि सतत हलवत राहा. डोळ्यांदेखत तो करडा, मग काळपट होतो. दहा मिनिटांत काढा आणि भरपूर पाण्यात धुवा. हिरड्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ते हिराकसातल्या लोहाशी संयोग पावून काळं होतं. काजूच्या आणि केळीच्या डागांतही टॅनिनच असल्यामुळे ते डागही त्याच काळ्यात मिसळून जातात. हिराकस जास्त घालायचा मोह आवरा, जादा लोहाने सूत कुजतं. हातमोजे घाला आणि स्वयंपाकाचं भांडं वापरू नका.

कोकमाने रंगवायची कल्पना दर उन्हाळ्यात कुणाला तरी सुचते. रंग पहिल्या दिवशी फार देखणा येतो. साबण लागला की निळसर-करडा होतो आणि उन्हाने उडतो. कोकमाचं सरबतच करावं.

उरलेल्या चिंध्या

एवढं करून जो ढीग उरतो त्यातली बटणं, हुक, चेन आधी काढून डब्यात टाका. हातापेक्षा मोठे सुती तुकडे गोधडीसाठी बाजूला ठेवा, पण गोधडी आत्ता घालायला घेऊ नका. तिला तीन-चार थर लागतात, ते पसरायला रिकामी जमीन लागते आणि धावदोरा घालायला सोबत लागते. मार्च-एप्रिलच्या दुपारी, शेजारणी मोकळ्या असतात तेव्हा बसा. वर आणि खाली एकेक अख्खी मऊ साडी, मध्ये विरलेले तुकडे, कारण तिथे ताण येत नाही. टाके मध्यापासून बाहेर घालत जा, म्हणजे सुरकुत्या कडेला सरकतात. मृगाआधी ती पूर्ण झाली पाहिजे आणि दोन कडक उन्हं खाऊन आत आली पाहिजे.

माझा तो फाटलेला हिरवा कुर्ता आमच्या गोधडीत आहे, मधल्या थरात. काठ तेवढा आजीने कापून घेतला होता, तो वरच्या साडीच्या कडेला फिरवलाय.